वाळूच्या मुलखातली सुगी

सुगी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? ज्वारीची कणसे येतात. खळे येते. मळणी आणि उफणणी येते. घरात धान्याची पोती लागली की मन भरते. मग ऊन तापू लागते आणि शेत रिकामे होते. चैत्र-वैशाखात आपल्या शेतात ढेकळे असतात, आणि बांधावर चार झाडे असतात. दुसरे काय असणार?

पण आपल्याच देशात एक मुलूख असा आहे, की तिथे ऐन वैशाखात सुगी असते. पायाखालची वाळू भाजत असते. तळी आटलेली असतात. हिरवे गवत औषधालाही नसते. आणि नेमके तेव्हाच बायाबापड्या पहाटे उठून, टोपल्या घेऊन पीक काढायला निघतात. हे पीक कोणी पेरलेले नसते. त्याला कोणी पाणी दिलेले नसते. तरी वर्षभर ते घराला पुरते, आणि उरले तर बाजारात जाते.

हे कसे काय बुवा? तेच आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

मुलूख कोणता?

राजस्थानच्या पश्चिम अंगाला थरचे वाळवंट आहे. जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, जोधपूर ही त्यातली मोठी गावे. या वाळवंटाचा काही भाग पलीकडे पाकिस्तानातही आहे.

तिथे पाऊस किती पडतो? जैसलमेरकडे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. आपल्याकडे माण आणि सांगोला हे तालुके दुष्काळी म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. पण तिथेही याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा थरचा कोरडेपणा केवढा, ते तुम्हीच ताडा.

आणि ऊन? जोधपूरच्या वर फलोदी नावाचे गाव आहे. १९ मे २०१६ रोजी तिथे पारा ५१ अंशांवर गेला. तोवर भारतात कुठेही एवढ्या उन्हाची नोंद झाली नव्हती. दुपारी जी गरम झळ सुटते तिला तिकडे लू म्हणतात. लू लागली तर धडधाकट माणूसही आडवा होतो. मधूनच वावटळ उठते, आभाळ तांबडे होते, आणि भाकरीत, पाण्यात, डोळ्यांत वाळूच वाळू होते.

अशा ठिकाणी माणसे राहतात तरी कशी? राहतात, आणि शेकडो वर्षे राहत आली आहेत.

ढाणी

थरमधले पुष्कळ लोक गावठाणात राहत नाहीत. ज्याचे त्याचे शेत, तिथेच त्याचे घर. अशा शेतावरच्या वस्तीला ढाणी म्हणतात. आपण वाडी किंवा मळ्यातली वस्ती म्हणतो ना, तसेच समजा. एका ढाणीत दोन-चार घरे असतात. बहुधा ती एकाच भाऊबंदकीची असतात. पुढची ढाणी दूर असते.

जुन्या घराची रीत साधी. मातीची गोल भिंत, आणि वर निमुळते छप्पर. छप्पर बाजरीच्या सरमाडाने किंवा वाळवंटातल्याच झुडपांच्या काड्यांनी शाकारलेले. घर गोल असल्यामुळे वावटळ त्याला धडकत नाही, बाजूने निघून जाते. भिंत जाड आणि झरोके लहान. त्यामुळे बाहेर अंग भाजत असले तरी आत बसवते. आता पुष्कळ ठिकाणी दगडाविटांची पक्की घरे झाली आहेत. पण अंगणात एखादे गोल झोपडे अजून राखलेले दिसते. दुपारी घरची माणसे तिथेच विसावतात.

दारात शेळ्या असतात, मेंढ्या असतात. कुणाची गाय, कुणाचा उंट. भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण. आणि अंगणाजवळ, चुन्याने पांढरे केलेले, झाकण लावलेले एक गोल तोंड जमिनीतून वर आलेले दिसते. घरातली सर्वांत मोलाची वस्तू तीच.

पाण्याचा हिशेब

ते तोंड आहे टांक्याचे. आपण टाके म्हणतो, तेच हे. जमिनीत खोल गोल खड्डा घेऊन तो आतून बांधून काढतात. भोवतालची जमीन चोपून साफ आणि किंचित उतरती करतात. तिला आगोर म्हणतात. पावसाचे पाणी आगोरावरून वाहत येते आणि टांक्यात उतरते. पावसाळ्याच्या आधी आगोर झाडून लख्ख करतात. त्यावर कुणी वहाणा घालून जात नाही. गुरांना तर फिरकूच देत नाहीत. कित्येक घरी टांक्याच्या झाकणाला कुलूप असते. पैशाच्या पेटीला असते तसेच.

आता आपण थोडा हिशेब करू. पाटी घ्या हवी तर.

एक चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होते. समजा, आगोर २०० चौरस मीटर आहे, आणि वर्षात १५० मिलिमीटर पाऊस झाला. दोहोंचा गुणाकार करा. ३० हजार लिटर झाले. पण सगळे पाणी टांक्यात येत नाही. काही जमीन पिते, काही ऊन पिते. निम्मे गेले असे धरू. उरले १५ हजार लिटर.

घरात माणसे ६. वर्षाचे दिवस ३६५. भागून पाहा. माणशी रोज ७ लिटरसुद्धा येत नाही. त्यातच पिणे, त्यातच रांधणे. शहरात नळाची धार सोडून दात घासणारा माणूस एवढे पाणी एका वेळी वाया घालवतो.

म्हणून ढाणीत पाणी सांडत नाही, ते फिरते. आंघोळ करायची ती बाजेवर बसून किंवा परातीत उभे राहून. खाली पडलेले पाणी भांड्यात धरायचे. ते गुरांना किंवा एखाद्या रोपाला जाते. भांडी राखेने किंवा कोरड्या वाळूने घासतात.

ज्येष्ठ लागला की घरच्या बाईचे लक्ष दोरीवर असते. बादली टांक्यात सोडताना दोरी रोज थोडी जास्त सोडावी लागते. सासू सुनेला विचारते, “आज दोरी किती लागली गं?” सून सांगते, “कालच्यापेक्षा वीतभर जास्त.” पाऊस तिथे जूनच्या अखेरीस किंवा जुलैत येतो. कधी त्याहून उशिरा येतो. कधी चार सरी पडून जातो. दोरी संपायच्या आत पाऊस आला पाहिजे. ती सगळी काळजी त्या एका वीतभर दोरीत असते.

शेंगांची सुगी

आता पिकाकडे येऊ.

थरच्या शेतात मधूनमधून एक झाड उभे असते. खोड वेडेवाकडे, पाने बारीक, फांद्यांना काटे. हे झाड म्हणजे खेजडी. नाव परके वाटले, तरी झाड आपल्या ओळखीचे आहे. आपण त्याला शमी म्हणतो. काही भागांत सौंदड म्हणतात. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, तीच ही.

खेजडीचे मूळ फार खोल जाते. वरची वाळू कोरडी ठणठणीत असली, तरी खालची ओल तिला सापडते. म्हणून बाकी सगळे करपते तेव्हा ही हिरवी असते. चैत्राच्या सुमारास तिला पिवळसर बारीक फुलांचे तुरे येतात. मग लांब, बारीक, हिरव्या शेंगा लोंबू लागतात. या कोवळ्या शेंगा म्हणजेच सांगरी.

सांगरी कोवळी असतानाच काढावी लागते. आत बी टणक झाले की भाजीची चव गेली. हंगाम थोड्या दिवसांचा असतो, आणि नेमका आगीसारख्या उन्हाचा. म्हणून पहाटेच निघायचे. लांब काठीला आकडी बांधून फांदी वाकवायची. कुणी पोरगा काटे चुकवीत झाडावर चढतो. खाली बाया शेंगा वेचतात. ऊन चढले की सगळे घरी परत.

घरी आल्यावर शेंगा पाण्यात थोड्या उकडतात आणि मग वाळवतात. वाळल्या की त्या बारीक, तपकिरी, दोऱ्यासारख्या होतात. चार-पाच किलो हिरवी सांगरी वाळवावी, तेव्हा किलोभर सुकी मिळते. पण ती वर्षभर टिकते. लागेल तेव्हा भिजत घालायची आणि भाजी करायची. ज्या शेंगा झाडावर राहतात, त्या पिकून गळतात. त्यांना खोखा म्हणतात. त्या गोडसर असतात. पोरे खातात, शेळ्याही खातात.

याच दिवसांत केर तयार होतो. केर म्हणजे काटेरी झुडूप, जवळजवळ बिनपानांचे. आपल्याकडे याला नेपती म्हणतात. कोरड्या माळावर कुठे कुठे ते दिसते. त्याला वाटाण्याएवढी हिरवी फळे येतात. फळ तोंडात घालाल तर थुंकून टाकाल, इतके ते कडवट असते. पण तिकडच्या बायांनी त्यावर तोड काढली आहे. फळे मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवतात. कडूपणा निघून जातो. मग भाजी करा, लोणचे घाला, नाहीतर वाळवून ठेवा.

पीलूच्या झाडाला त्याच सुमारास गोड, रसाळ, बारीक फळे धरतात. गुंदा नावाचे फळ येते. गुंदा म्हणजे आपले भोकर. आपण त्याचे लोणचे घालतो, तेही घालतात.

केर, सांगरी, गुंदा, कुमट नावाच्या झाडाचे बी आणि सोबत आमचूर किंवा सुकी मिरची, अशी पाच जिन्नसांची भाजी करतात. तिचे नाव पंचकुटा. ती लवकर विटत नाही. प्रवासाला निघताना बाजरीच्या भाकरीबरोबर ती शिदोरीत बांधतात. एके काळी ही गरिबाची भाजी होती. आज मोठ्या शहरांत सुकी सांगरी सुक्या मेव्यासारखी महाग विकली जाते.

दुपारचे जेवण आपल्यासारखेच. बाजरीची भाकरी, कांदा, ताक. बाजरीचे पीठ ताकात शिजवून राबडी करतात. आपली आंबीलच म्हणा की! उन्हाळ्यात पोटाला ती थंड पडते.

कोणते झाड राखायचे?

आतापर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, “वा! न पेरता, न शिंपता फुकटचे पीक मिळते. मजा आहे त्यांची.”

नाही मंडळी. ते फुकट नसते.

खेजडीचा पाला हे थरमधल्या जनावरांचे मोठे खाद्य आहे. त्याला लूंग म्हणतात. थंडीच्या दिवसांत झाड छाटून पाला काढतात, वाळवतात आणि साठवतात. शेळ्या, उंट, गायी त्यावर तगतात. छाटलेल्या फांद्या सरपणाला आणि कुंपणाला होतात. पण त्यात एक मेख आहे. जे झाड थंडीत पुरते छाटले, त्याला पुढच्या उन्हाळ्यात शेंगा धरत नाहीत. पाला घ्याल तर सांगरी गेली. सांगरी हवी तर पाला सोडा.

म्हणजे थंडीतच ठरवावे लागते, की कोणती झाडे छाटायची आणि कोणती राखायची. गोठ्यात जनावर हंबरत असते. कुऱ्हाड हातात असते. पाला समोर असतो. आणि तरी त्या झाडाला हात लावायचा नाही. वैशाखातल्या सुगीची पेरणी म्हणतात ती हीच. आपण बी राखून पेरतो. ते झाड राखून पेरतात.

शेतात खेजडी असली म्हणजे बाजरी खुरटते, असेही नाही. तिचे मूळ खोल जाते, बाजरीचे वरच राहते. दोघांचे भांडण होत नाही. तिची सावली विरळ असते. पाला गळून खत होते. शिवाय डाळीच्या पिकांसारखी तिची मुळे जमिनीचा कस वाढवतात. खेजडीखालची बाजरी जोमदार येते, हे तिथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आणि वाईट साल आले तर? विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० साली, राजस्थानात फार मोठा दुष्काळ पडला. तिकडे त्याला अजून छप्पनिया म्हणतात. अशा काळात लोकांनी खेजडीची साल वाळवून, दळून, पिठात मिसळून खाल्ली आहे. ज्या झाडाची साल खाऊन आजोबा जगले, त्याला नातू कसा विसरेल?

झाडासाठी प्राण

या झाडासाठी माणसांनी जीवही दिला आहे. ही कहाणी नव्हे, घडलेली गोष्ट आहे.

थरमध्ये बिष्णोई नावाचा पंथ आहे. गुरू जांभोजी यांनी तो १४८५ साली सुरू केला. त्यांनी २९ नियम घालून दिले. हिरवे झाड तोडू नये, हा त्यातला एक नियम.

१७३० साली जोधपूरचे महाराज अभयसिंह यांना बांधकामासाठी चुना हवा होता. चुन्याची भट्टी पेटवायला लाकूड हवे. राजाची माणसे जोधपूरजवळच्या खेजडली गावी गेली आणि खेजड्या तोडू लागली. तेव्हा अमृतादेवी नावाची बाई पुढे झाली. तिने झाडाला मिठी मारली. तिला मारले. तिच्या मुलींनी तेच केले. त्याही गेल्या. मग गावोगावचे बिष्णोई धावून आले. त्या वेळी एकंदर ३६३ माणसांनी प्राण दिले, असे सांगतात. शेवटी राजाने तोड थांबवली. बिष्णोईंच्या गावांतली झाडे तोडू नयेत, असा हुकूम दिला. खेजडली गावी दर वर्षी भाद्रपदात त्यांच्या आठवणीची जत्रा भरते.

१९८३ साली राजस्थान सरकारने खेजडीला राज्याचे झाड म्हणून मान दिला.

आज काय चालले आहे?

थर आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. १९५८ साली एका मोठ्या कालव्याचे काम सुरू झाले. त्याला आज इंदिरा गांधी कालवा म्हणतात. त्याचे पाणी पुढे जैसलमेरपर्यंत गेले. जिथे कुसळे उगवत होती, तिथे गहू आणि मोहरी डुलू लागली. कुठे नळ आले. कुठे उन्हाळ्यात टँकर येतो. बाईची पायपीट काही ठिकाणी वाचली. हे चांगलेच झाले.

पण खेजडीचे दिवस काही बरे नाहीत. पूर्वी नांगराला उंट जुंपत. वाटेत खेजडीचे कोवळे रोप आले, की शेतकरी नांगर बाजूने काढी. ट्रॅक्टर असे थांबत नाही. तो रोपही उपटतो आणि मोठ्या झाडाची वरची मुळेही तोडतो. म्हातारी झाडे मरतात, पण नवी उभी राहत नाहीत. काही झाडांना कीड लागते. काहींच्या फुलांच्या जागी नुसत्या गाठी धरतात, शेंग येतच नाही. अलीकडच्या वर्षांत सूर्याच्या उन्हापासून वीज करण्याचे मोठे कारखाने थरमध्ये उभे राहिले. त्यांच्या जागेसाठी खेजड्या तुटल्या. म्हणून बिकानेरकडच्या लोकांनी आंदोलने केली. वीज सर्वांनाच हवी. पण विजेसाठी झाड द्यावे का, आणि द्यायचेच तर कुणाला विचारून, असा लोकांचा सवाल आहे.

एक आशेची गोष्टही आहे. बिकानेरला कोरडवाहू फळझाडांची सरकारी संशोधन संस्था आहे. तिने खेजडीची ‘थार शोभा’ नावाची कलमी जात काढली आहे. तिला काटे जवळजवळ नसतात, आणि झाड ठेंगणे राखता येते. जमिनीवर उभे राहून शेंगा तोडता येतात. रोपापासून वाढलेली खेजडी फळायला पुष्कळ वर्षे घेते. कलमी लवकर फळते.

आपल्या बांधावर

आता घरी परत येऊ.

आपल्याकडे शमीला मान आहे. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. पण पूजा झाली की वर्षभर तिच्याकडे कोण बघतो? बांधावर शमी, बाभूळ, बोर, भोकर असते. लग्नाला पैसे कमी पडले, की एखादे झाड जाते. ट्रॅक्टर वळायला अडचण होते, की दुसरे जाते. भावाभावांत बांधाचा तंटा होतो, तेव्हा तर दोघे मिळून झाड पाडतात. मग एखाद्या साली मृग कोरडा जातो. शेळीला पाला शोधत बाई मैल मैल फिरते. तेव्हा ते झाड आठवते.

थरच्या लोकांजवळ आपल्यापेक्षा पाणी कमी, पाऊस कमी, ऊन मात्र जास्त. तरी त्यांची सुगी ऐन उन्हाळ्यात होते. कारण त्यांनी दोन गोष्टी सांभाळल्या. पावसाचा थेंब मोजून ठेवला, आणि हाताशी कुऱ्हाड असताना झाड राखले.

आम्ही तुम्हांला सांगरी खायला सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी आपल्या बांधावरून एक फेरी मारा. किती झाडे उरली आहेत, ती मोजा. तुमच्या वडिलांच्या वेळी किती होती, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आता तुम्हांला लिहिता येते. ते दोन्ही आकडे वहीत मांडा, आणि वजाबाकी करा.

उत्तर काय येते, ते घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. आणि एखादे शमीचे रोप आपसूक उगवलेले दिसले, तर त्याच्याभोवती चार काट्या लावा. औत बाजूने काढा.